सिस्टर, एवढं रक्त कशाला काढता?

तपासण्यांबद्दलचे प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. निपाणीपासून खानापूरच्या जंगलकडेच्या गावांपर्यंतची पत्रं आली. बहुतेक पत्रं वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर रात्र काढलेल्या नातेवाइकांची आहेत. तपासणी झाली, पैसे भरले, पण त्या कागदाचं सिस्टरनी पुढं काय केलं ते कळलं नाही, असं जवळपास सगळ्यांनी लिहिलंय. ते तुम्हाला कळायलाच हवं. माझी नोकरी वॉर्डात आणि अपघात विभागात गेली, पुढं मुलींना नर्सिंग शिकवलं. त्या अनुभवावर ही उत्तरं देते. औषधाचा डोस बदलायचा सल्ला मात्र माझ्याकडे मागू नका, तो तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

माझ्या सासूबाई हृदयाच्या त्रासासाठी बेळगावात ॲडमिट होत्या. पायांना सूज, धाप. रोज पहाटे सिस्टर यायच्या आणि रंगीत टोपणांच्या तीन-चार नळ्या भरून रक्त न्यायच्या. त्यांच्या अंगात आधीच रक्त कमी. रोज रोज एवढं कशाला लागतं? — एक सून, येळ्ळूर

एका नळीत साधारण २ ते ५ मिलिलिटर रक्त जातं. मोठ्या माणसाच्या अंगात ते पाच लिटरच्या आसपास असतं. त्यामुळे दोन-चार दिवसांच्या तपासण्यांनी अशक्तपणा येत नाही. पण तुमची काळजी अगदीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे असलेल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन नुसत्या तपासण्यांनीही खाली येतं. म्हणून चांगली सिस्टर दिवसभरात लागणाऱ्या तपासण्या आधी विचारून घेते आणि एकदाच सुई टोचते.

नळ्या वेगळ्या, कारण आतलं रसायन वेगळं. जांभळ्या टोपणाची हिमोग्लोबिन आणि पेशी मोजायला. निळ्या टोपणाची रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला. ती खुणेपर्यंत भरावीच लागते, कमी भरली तर आकडा चुकतो. राखाडी साखरेसाठी. लाल किंवा पिवळी मूत्रपिंड, यकृत, क्षार यांच्यासाठी. भरायचा क्रमही ठरलेला असतो. जांभळ्या नळीत पोटॅशियमचं क्षार असतं. त्याचा अंश पुढच्या नळीत गेला तर रुग्णाचं पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं.

आता तुमच्या सासूबाईंबद्दल. सूज उतरवायला लघवी वाढवणारं इंजेक्शन देतात. त्यानं पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं. ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. काल ३.८ होतं आणि आज ३.१ आलं, तर सकाळचं इंजेक्शन भरण्याआधी सिस्टर थांबते, डॉक्टरांना विचारते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) चढत असेल, लघवी कमी होत असेल, वजन दोन दिवसांत उतरलं नसेल, तर तेही त्याच वेळी सांगते. रक्त पहाटे काढायचं कारण हेच. राउंडच्या वेळी रिपोर्ट हातात असला तर दिवसाची औषधं त्यावर ठरतात. दुपारी आला तर एक डोस अंदाजानंच गेलेला असतो.

रक्त देताना तुम्ही काय करावं, तेही सांगते. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नये. कोणी घ्यायला लागलं तर नम्रपणे दुसरा हात पुढं करा. मूठ आवळून धरा, पण सारखी उघडझाप करू नका, त्यानंही पोटॅशियम वाढलेलं दिसतं. दंडाचा पट्टा मिनिटभराच्या वर बांधलेला राहू नये. आणि सिस्टरनं रोज नाव विचारलं तर रागावू नका. "कालच सांगितलं की ओ," असं कितीतरी जण म्हणतात. आपल्या भागातल्या कुठल्याही वॉर्डात चार पाटील सापडतात, त्यातल्या दोघांचं पहिलं नावही एकच निघतं. म्हणून नाव रुग्णानं स्वतः सांगायचं, नोंदणी क्रमांक केसपेपरशी ताडायचा आणि चिठ्ठी खाटेजवळच चिकटवायची. नळ्यांवर आधीच चिठ्ठ्या लावून ट्रे फिरवणारी सिस्टर दिसली तर तिला थांबवायचा तुम्हाला हक्क आहे.

भात कापताना माझ्या भावाच्या पायाला साप चावला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सिस्टरनी काचेच्या बाटलीत थोडं रक्त काढलं आणि टेबलावर ठेवून दिलं, कुणी हात लावू नका म्हणाल्या. आम्ही इंजेक्शन द्या म्हणून ओरडत होतो. वीस मिनिटं वाया गेली असं अजून वाटतं. भाऊ वाचला, पण हे बरोबर होतं का? — जांबोटीकडचा एक शेतकरी

बरोबर होतं. तुमचं ओरडणंही मी समजू शकते, तसं ओरडणारे भाऊ आणि बाप मी पाहिलेत. पण ती बाटली म्हणजेच तपासणी होती. आपल्या भागात या तपासणीइतकी मोलाची दुसरी नाही, असं माझं मत आहे. तिला मशीन लागत नाही, वीज लागत नाही. पावसात रस्ता बंद असला आणि लाइट गेलेली असली तरी ती होते.

घोणस आणि फुरसं यांचं विष रक्ताची गोठायची शक्ती संपवतं. शिरेतून काढलेलं ताजं २ मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या बाटलीत घालायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. मग बाटली एकदाच तिरकी करायची. रक्त घट्ट बसलं असेल तर गोठण्याची क्रिया शाबूत आहे. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात पोचलंय, प्रतिविष सुरू करायचं. बाटली काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानं गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकमध्ये तशी होत नाही. साबणानं धुतलेली बाटलीही चालत नाही. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नसलेलं विष दिसतं. मध्येच कुणी "झालं का बघू" म्हणून बाटली हलवली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्या हात लावू देत नव्हत्या.

मग सगळ्यांनाच आधी इंजेक्शन का देत नाहीत? बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी साप चावूनही विष अंगात गेलेलं नसतं, असे रुग्ण पुष्कळ येतात. आणि प्रतिविष घोड्याच्या रक्तातून तयार करतात. काहींना त्याची जोरदार रिॲक्शन येते, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून ते सलाईनमधून चढवताना शेजारी ॲड्रिनलिन, म्हणजे अशा रिॲक्शनवरचं इंजेक्शन, भरून ठेवतात आणि सिस्टर रुग्णाजवळून हलत नाही. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येत असेल, पापण्या मिटत असतील, तर मात्र वीस मिनिटंही थांबत नाहीत.

ती वीस मिनिटं रिकामी नसतात. शिरेत सुई बसवून ठेवायची, नाडी आणि रक्तदाब घ्यायचा, जोडवी-अंगठ्या काढायच्या, करकचून बांधलेली दोरी डॉक्टरांसमोर जपून सोडायची. सुजेच्या कडेला पेनानं रेघ मारून वेळ लिहायची, म्हणजे तासाभरानं सूज किती चढली ते नजरेला दिसतं. तुमच्या भावाच्या पायावरही रेघा मारल्या असतील, आठवून बघा. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी पुन्हा तीच बाटली. यकृताला गोठवणारे घटक परत तयार करायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी बघून उपयोग नसतो. घोणशीच्या विषानं मूत्रपिंडही बसतं, म्हणून लघवी मोजायची, तिचा रंग बघायचा, क्रिएटिनिन पाठवायचं.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. मण्यार आणि नाग यांच्या विषात रक्त नीट गोठतं. बाटली चांगली आली म्हणून कुणी घरी न्यायला निघालं तर जाऊ देऊ नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसं नाही, दातांच्या खुणाही दिसत नाहीत. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. तिथं सिस्टरचे डोळे हीच तपासणी. दर थोड्या वेळानं "वर बघा, जीभ बाहेर काढा, मान उचला" असं ती का म्हणते, ते आता कळलं असेल. पहिला दिवस-रात्र दवाखान्यातच काढायची. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंश नोंद करणं बंधनकारक केलंय, त्यामुळे तुमच्या भावाची नोंद झाली का, तेही विचारून घ्या.

माझं संकेश्वरजवळ गुऱ्हाळ आहे. घरच्या मशीनवर उपाशीपोटी साखर २६० आली, घाबरून लॅबमध्ये गेलो तर १४८. कुणाचं खरं? — एक वाचक

लॅबचं. घरच्या मशीनमध्ये आणि लॅबमध्ये साधारण १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, पण तुमचा फरक त्याच्या कितीतरी पुढचा आहे. बोटाला गुळाचा अंश असावा, असं मला वाटतं. काकवीचा हात नुसता पुसून भागत नाही. साबणानं धुवा, पूर्ण कोरडा करा, मग टोचा. स्पिरिट लावलं तर ते वाळू द्या. पहिला थेंब पुसून दुसरा घेतलात तर आणखी बरं. पट्ट्यांची डबी चुलवाणाच्या वाफेत उघडी ठेवू नका, तारीखही बघा.

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास. पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नको. कन्नड बोलणाऱ्या रुग्णांना मी "नीर कुडीरी, चा ब्याड" असं दोनदा सांगायची, कारण पाणीसुद्धा न पिता आलेल्या म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही. जेवणानंतरची साखर पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजायची, हात धुतल्यापासून नव्हे. १४८ हा आकडाही चांगला नाही. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर पुन्हा आली तर तो मधुमेहच, तेव्हा डॉक्टरांना भेटा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही ते करतील. अंगात रक्त कमी असेल तर ती फसवी येऊ शकते, म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्ट बरोबर न्या.

गावातल्या शिबिरात रक्त दिलं असेल तर एवढंच विचारा: साखरेसाठी राखाडी नळी वापरली का? साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात. नमुना दुपारपर्यंत गाडीत पडून राहिला तर साखर आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि आजारी माणूस निर्धास्त घरी जातो.

मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. नाइटला लॅबमधून फोन आला, पोटॅशियम ६.८. रुग्ण शांत झोपलेला होता, म्हणून सकाळच्या राउंडला सांगावं असं मला वाटलं. स्टाफ सिस्टर मात्र धावतच खाटेकडे गेल्या. एवढी घाई का? — एक विद्यार्थिनी, बेळगाव

पोरी, तू हे विचारलंस याचा मला आनंद झाला, कारण हा प्रश्न मनात दाबून ठेवणाऱ्या मुली पुष्कळ असतात.

पोटॅशियम ६.८ असलेला माणूस शांत झोपलेला दिसतो आणि त्याच झोपेत त्याचं हृदय थांबू शकतं. दुखत नाही, ओरडत नाही. म्हणून असे आकडे लॅबवाले रिपोर्ट छापायची वाट न बघता फोनवर सांगतात. फोन आला की रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, तपासणी आणि आकडा लिहून घ्यायचा, आणि लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवायचं. फोनवर ६.८ चं ५.८ ऐकू येतं, खाट क्रमांक सोळाचा सतरा होतो. कुणी सांगितलं, किती वाजता, तेही लिही.

मग खाटेजवळ जा. उठव, बोल त्याच्याशी. नाडी हातानं बघ, मॉनिटर असेल तर जोड, ईसीजी काढ. टी लाटा उंच, टोकदार झाल्या असतील तर वाट बघायला वेळ नाही. एकीकडे मनात हेही चालू ठेव: हा आकडा खोटा असू शकतो का? शीर सापडायला त्रास झाला होता का, सिरींज जोरात ओढली होती का, नमुन्यात रक्तपेशी फुटल्या होत्या असं लॅबनं म्हटलंय का? शंका असेल तर डॉक्टरांना सांगून दुसरा नमुना पाठवा, पण त्याची वाट बघत बसू नका.

औषधाचा चार्ट उघड. सलाईनमध्ये पोटॅशियम मिसळलंय का? स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिलसारखी पोटॅशियम वाढवणारी गोळी रात्री आहे का? लघवी किती झाली? मग डॉक्टरांना फोन कर, आणि एका दमात सांग: "सर, खाट अमुक, मूत्रपिंडाचा रुग्ण, पोटॅशियम ६.८, काल ५.४ होतं, नाडी ४८, ईसीजीत टी लाटा उंच, लघवी रात्रीपासून ८० मिलि. तुम्ही लगेच या." "सर, पोटॅशियम जरा जास्त आहे," असं सांगितलंस तर झोपेतला माणूस "सकाळी बघू" म्हणेल. त्यात दोष त्याच्या झोपेचा जेवढा, तेवढाच सांगण्याचा. फोन उचलला नाही तर त्यांच्या वरच्यांना लाव. वरच्यांना उठवायची भीती वाटते, मला माहीत आहे. तरी लाव.

ते येईपर्यंत कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन, डेक्स्ट्रोज ट्रेमध्ये काढून ठेव. द्यायचं त्यांच्या आदेशानंच. इन्सुलिन दिल्यावर साखर घसरते, म्हणून पुढचे काही तास दर तासाला साखर बघणं तुझं काम.

आणि याच्या उलटंही शिकून घे, ते जास्त अवघड आहे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा पहिला ट्रोपोनिन नॉर्मल येतो, नातेवाईक खूश होतात, बाहेर चहाला जातात. पण हृदयाचा स्नायू दुखावल्यापासून ट्रोपोनिन रक्तात वाढायला काही तास लागतात. म्हणून तीन तासांनी, काही ठिकाणी सहा तासांनी, तो परत करतात. मधल्या वेळात माणसाला घाम फुटला, चेहरा राखेसारखा झाला, तर कागदावर काहीही असो, ईसीजी पुन्हा काढ आणि डॉक्टरांना बोलाव. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून रुग्णाकडे बघणं थांबवलेल्या सिस्टरचा मला राग येतो. तो राग मी वर्गात कधी लपवला नाही.

एमआरआयच्या आधी आईला मंगळसूत्र काढायला लावलं. ती दिवसभर रडली. खरंच गरज असते का? — एक मुलगा, निपाणी

असते. आतलं चुंबक फार जोरदार असतं आणि ते कायम चालूच असतं. सोनं ओढलं जात नसलं तरी दागिन्यातल्या जोडाच्या धातूची खात्री देता येत नाही, तापून भाजूही शकतं आणि चित्र बिघडतं. पण आईला रडवायची गरज नव्हती. आम्ही हळदीत भिजवलेला दोरा गळ्यात बांधायचो, दागिने मुलीच्या हातात मोजून द्यायचो आणि मग आत न्यायचो. पाच मिनिटांचं काम. जिथं तुमची आई गेली तिथल्या सिस्टरना हे सुचवा.

त्याहून महत्त्वाचं, आत जाण्याआधी विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, हाडातला रॉड, कानातलं यंत्र, गर्भारपण. आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा लेथवर काम केलेल्या प्रत्येकानं न विचारताही सांगावं: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? जुना कण आत राहिलेला असेल तर चुंबकात तो हलतो आणि दृष्टी जाऊ शकते. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून खात्री करतात.

आम्ही अथणीचे. वडिलांना आधी इथं दाखवलं, मग मिरजेला नेलं. तिथं सगळ्या तपासण्या पुन्हा. ही लूट नाही का? — एक वाचक

काही वेळा तपासण्या विनाकारण होतात, ते मी नाकारणार नाही. पण सगळ्या नाहीत. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम हे रोज बदलतात, दोन दिवसांपूर्वीच्या कागदावर कुणी औषध देऊ नये. रक्त चढवायचं असेल तर रक्तगट माहीत असला तरी रक्तपेढी तो पुन्हा तपासतेच, आणि तपासलाच पाहिजे. तीन महिन्यांची साखर, थायरॉइड, सोनोग्राफी, सीटी हे नुकतंच झालेलं असेल तर मात्र "आधीचं चालेल का?" असं स्पष्ट विचारा.

तेवढ्यासाठी कागद हवेत. मिरज, कोल्हापूर, गोव्याचं बांबोळी, इथं आपली माणसं जातात ती बरेचदा पिशवीत चुरगळलेले कागद घेऊन, आणि सीटीचा नुसता लेखी रिपोर्ट असतो. फिल्म किंवा सीडी मागून घ्या. कागद तारखेप्रमाणे लावा, जुना खाली, नवा वर. नवे डॉक्टर आणि सिस्टर चढउतार बघतात: क्रिएटिनिन १.१, मग १.६, मग २.३ असं दिसलं तर सीटीसाठी शिरेतून औषध सोडण्याआधी ते थांबतील. एकटा २.३ दिसला तर तो जुना आजार की कालचा, हे कळत नाही.

आकडे ताडताना एकच काळजी घ्या. एका लॅबमध्ये प्लेटलेट १.५ लाख लिहितात, दुसरीकडे तेच १५० असं हजारांत छापतात. डेंग्यूच्या दिवसांत १५० वाचून घाबरलेली घरं मी बघितलीत. आकड्याशेजारचं एकक आणि कंसातली नॉर्मल पातळी बघा, मग ताडा.

सगळ्यात वर एक साधा कागद ठेवा: चालू गोळ्यांची नावं आणि वेळा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ठळक अक्षरात, कोणत्या औषधाची किंवा सीटीच्या इंजेक्शनची रिॲक्शन आली होती का, मधुमेह, दमा, ऑपरेशनं. संमतीपत्र कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर सही करण्याआधी मराठीत समजावून सांगायला सांगा. सिस्टरना सांगितलंत तर वॉर्डातलं कुणीतरी मराठी बोलणारं त्या नक्की शोधून आणतील.